हेडस्टॉकवरचा आकडा आणि गिटारचे वय

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मामांच्या पश्चात स्टीलच्या तारांची एक अकूस्टिक गिटार आपल्याकडे आली आहे. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाच्या भागावर, ‘गिब्सन’ हे नाव आहे, मागच्या बाजूला लाकडात दाबून उमटवलेला सहा अंकी आकडा आहे, आतले लेबल केव्हाच गळून पडले आहे, आणि ती १९५० च्या दशकात घेतलेली आहे असे घरात सगळेच सांगतात. तो आकडा आपण तीन याद्यांमध्ये ताडून पाहिला तेव्हा एकीत १९६३, दुसरीत १९६७ आणि तिसरीत १९७० नंतरचे साल निघाले. यांतले खरे कोणते, आणि घरच्यांची आठवण चुकीची मानायची का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

तिन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर असू शकतात. गिब्सन कंपनीने १९६१ मध्ये आकड्यांची नवी पद्धत सुरू केली, पण ती राबवताना शिस्त पाळली नाही. एकदा देऊन झालेले आकडे त्याच दशकात पुन्हा दिले गेले, आणि १९७० ते १९७५ या काळात सहा अंकी आकडे आणखी एकदा फिरले. त्यामुळे पाठीवर एकच आकडा असलेल्या दोन-तीन गिटारी आजही जगात नांदत असतात आणि त्यांच्या वयात पाच-दहा वर्षांचा फरक असतो. एवढ्याशा आकड्यावरून साल सांगणारा माणूस अंदाज बांधत असतो. तो चुकला तर त्यात आकड्याचा दोष नाही.

मात्र आकडा किती आहे यापेक्षा तो कुठे आणि कसा आहे, हे अधिक बोलके असते. १९५० च्या दशकात गिब्सनच्या सपाट पुढ्याच्या (तारांखालच्या दर्शनी फळीच्या) अकूस्टिक गिटारींवर हेडस्टॉकच्या मागे असा दाबलेला आकडा नसे. त्यांच्या आत, नेक, म्हणजे दांडा, जिथे खोक्याला मिळतो त्या लाकडी ठोकळ्यावर, कारखान्याचा तुकडी-क्रमांक उमटवलेला असे आणि १९५२ ते १९६१ या काळात त्याच्या आरंभी सालाचे अक्षर असे: १९५२ साठी झेड, १९५३ साठी वाय, १९५४ साठी एक्स, असे उलटे मोजत १९६१ साठी क्यू. आपल्या गिटारच्या हेडस्टॉकवर दाबलेला आकडा आहे, म्हणजे ती १९६१ च्या आधीची नाही. त्या आकड्याखाली ‘मेड इन यू.एस.ए.’ असा शिक्का आहे का, हेही पाहावे, कारण तो शिक्का १९७० पासून मारला जाऊ लागला. तो नसेल तर ती १९७० च्या आधीची आहे. आकड्याची किंमत न वाचताच आपण नऊ वर्षांच्या पट्ट्यात येऊन पोचलो, आणि तिसरी यादी बाद झाली.

कोणत्याही जुन्या वाद्याचे वय असेच दोन्ही बाजूंनी आवळत आणावे लागते. वाद्याचा प्रत्येक भाग दोनच प्रकारची साक्ष देऊ शकतो: ‘मी अमुक सालाच्या आधी अस्तित्वात नव्हतो’ किंवा ‘अमुक सालानंतर मला वापरणे बंद झाले’. अशा पाच-सहा साक्षी एकमेकांवर ठेवल्या की मधली जागा अरुंद होत जाते. अट एकच, साक्ष देणारा भाग मूळचा असला पाहिजे. म्हणून माझ्या टेबलावर गिटार आली की मी आकडा शेवटी वाचतो. आधी वाचला तर मन त्या सालाशी बांधले जाते आणि मग प्रत्येक खूण त्या सालाला पोषकच दिसू लागते.

आपल्या गिटारपुरता सर्वांत मोलाचा पुरावा नटपाशी आहे. नट म्हणजे हेडस्टॉक आणि फिंगरबोर्ड (नेकवरची बोटे दाबण्याची फळी) यांच्या सांध्यावरची खाचांची आडवी पट्टी. तिथे नेकची रुंदी व्हर्नियरने मोजावी. पट्टीने मोजल्यास अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते आणि इथे सगळा खेळ तीन मिलिमीटरचा आहे. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात ही रुंदी साधारण ४२.९ मिलिमीटर, म्हणजे एक पूर्णांक अकरा षोडशांश इंच असे. १९६५ मध्ये कंपनीने नेक अरुंद केला आणि ती रुंदी साधारण ३९.७ मिलिमीटरवर आली. हा फरक हाताला लगेच कळतो: अरुंद नेकवर पहिल्या तीन फ्रेटांमध्ये (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमध्ये) मोकळा सी कॉर्ड वाजवताना बोटांची टोके शेजारच्या तारेला लागतात. दशकाच्या अखेरीस रुंदी पुन्हा वाढली, म्हणून रुंद नट दिसला की लगेच ‘१९६५ च्या आधीची’ असा निकाल देऊ नये.

तो संशय हेडस्टॉकच्या कलाने मिटतो. नेकच्या रेषेपासून हेडस्टॉक मागे किती झुकला आहे, तो कोन पूर्वी १७ अंशांचा असे आणि १९६५ च्या सुमारास तो १४ अंश झाला. डोळ्यांनी हा फरक ओळखायला सराव लागतो, पण मोजायला काहीच लागत नाही. गिटार बाजूवर आडवी ठेवावी, कॅमेरा हेडस्टॉकच्या कडेच्या बरोबर समोर धरून दुरून छायाचित्र घ्यावे, ते कागदावर छापावे आणि फिंगरबोर्डची व हेडस्टॉकच्या दर्शनी बाजूची अशा दोन रेषा पेन्सिलीने वाढवून कोनमापक लावावा. जवळून घेतलेल्या छायाचित्रात भिंगामुळे रेषा वाकतात, म्हणून दुरूनच घ्यावे. नट रुंद आणि कोन १७ अंशांचा निघाला तर गिटार १९६१ ते १९६४-६५ या काळातली. नट अरुंद आणि कोन १४ अंशांचा असेल तर १९६५ ते १९६८ च्या आसपासची. नट रुंद पण कोन १४ अंशांचा असेल तर दशकाच्या अगदी अखेरची. नेक आणि हेडस्टॉक यांच्या सांध्यामागे, अंगठ्याला लागेल असा लाकडाचा उंचवटा असेल, तर तो १९६९-७० पासून १९८१ पर्यंतच्या गिब्सनचे लक्षण आहे. तो उंचवटा दिला गेला याचे कारणही सांगण्यासारखे आहे: या गिटारींचा हेडस्टॉक मागे झुकलेला असतो आणि नेक सरळ ठेवणारी आतली पोलादी सळई आवळण्याच्या चाकीसाठी लाकूड पोखरलेले असते, त्यामुळे गिटार नुसती मागे पडली तरी तिथेच मोडते.

म्हणून त्या जागी जुन्या मोडतोडीची खूण आहे का, हे टॉर्च तिरपा धरून जरूर पाहावे. लाकडाच्या रेषांना छेदून जाणारी केसाएवढी काळी रेघ दिसली, किंवा आकड्याचे अंक एका बाजूला बुजलेले आणि दुसऱ्या बाजूला ठसठशीत असतील, तर तिथे जोडकाम झाले आहे आणि घासताना अंकही झिजले आहेत. कित्येकदा ‘३’ चा ‘८’ आणि ‘१’ चा ‘७’ वाचला जातो तो याच कारणाने. आकड्याच्या खाली वेगळा, एकटा ‘२’ दाबलेला असेल, तर तो आकड्याचा भाग नव्हे. कारखान्याने किरकोळ दोषामुळे ती गिटार दुय्यम प्रतीची ठरवली होती, एवढाच त्याचा अर्थ.

आता आत डोकावू. दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा लांब दांड्याचा छोटा आरसा आणि एक बारीक दिवा एवढे पुरे. तारा ढिल्या करून पुढ्यावरच्या गोल भोकातून, म्हणजे साउंडहोलमधून, आरसा आत घालावा आणि ब्रिजच्या (पुढ्यावर तारा अडकवलेल्या पट्टीच्या) बरोबर खालचा भाग पाहावा. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात गिब्सनने काही मॉडेलांवर चक्क प्लॅस्टिकचे पोकळ ब्रिज बसवले आणि ते आतून स्क्रूंनी आवळले. उन्हाने आणि तारांच्या ओढीने ते वाकत, म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी ते काढून रोझवुडचे ब्रिज चिकटवले. बाहेरून पाहणाऱ्याला ते मूळचेच वाटतात, पण आत, ब्रिजखालच्या लाकडी पाटीवर, त्या स्क्रूंची भोके तशीच राहिलेली असतात. ती दिसली तर आपली गिटार दशकाच्या कोणत्या अर्ध्यात बसते, हे नट न मोजताही जवळजवळ ठरते. उंची कमी-जास्त करता येणारे, दोन स्क्रूंवर बसवलेले ब्रिजवरचे सॅडल (तारा टेकतात ती पट्टी) हेही त्या काळाचे लक्षण आहे, मात्र तो प्रकार आधीच्या दशकातच सुरू झाला होता, म्हणून त्याची साक्ष कमकुवत. आतल्या आधारपट्ट्या पुढ्याखाली एकाच फुलीत आहेत की दोन फुल्यांत, तेही पाहून ठेवावे. दुहेरी फुलीची रचना १९७० च्या दशकातली आहे.

लेबल गळून पडले, याचे फार वाईट वाटून घेऊ नका. उमेदवारीच्या काळात माझ्याकडे एक अशीच वारशाने आलेली गिटार आली होती. आत सुंदर, पिवळसर झालेले गोल लेबल होते आणि त्यावर शाईने लिहिलेले सालही होते. मी ते साल मालकांना छातीठोकपणे सांगितले. काही महिन्यांनी पाठीचा तडा जोडण्यासाठी तीच गिटार पुन्हा आली. या वेळी आरसा जरा तिरपा धरला, तेव्हा त्या लेबलाभोवती फिकट लाकडाचा एक लांबट चौकोन, म्हणजे कोपरे गोलावलेल्या मोठ्या कागदाचा ठसा दिसला. मूळ लेबल चौकोनी होते. ते केव्हातरी पडले आणि कोणीतरी दुसऱ्या वाद्यातले लेबल त्या जागी बसवले. लेबलाखालचे लाकूड आजूबाजूच्यापेक्षा उजळ राहते, म्हणून लेबल आणि उजळ भाग यांची कड तंतोतंत जुळली पाहिजे. मालकांना फोन करून आपलेच म्हणणे मागे घेताना मला जे वाटले, त्यानंतर मी लेबलाच्या आधी त्याच्या कडा वाचतो. आपल्या गिटारमध्ये लेबल नसले तरी तो उजळ ठसा असेलच; त्याचा आकार मोजून ठेवा.

हाच ठशांचा न्याय खुंट्यांना लावावा. ट्यूनिंगच्या खुंट्या हा गिटारचा सर्वांत जास्त बदलला जाणारा भाग आहे. हेडस्टॉकच्या मागे खुंटीच्या बाजूला बुजवलेले स्क्रूचे भोक, लॅकरवर राहिलेली जुन्या पत्र्याची किनार, किंवा नव्या रिंगेखालून डोकावणारा मोठ्या छिद्राचा काठ, यांपैकी काहीही दिसले तर आत्ताच्या खुंट्यांवरून वय काढू नये. त्या मूळच्या असतील आणि त्यांच्या झाकणावर ‘क्लूसन डीलक्स’ असे नाव असेल, तर ते एका ओळीत आहे की दोन ओळींत हे पाहावे: एका ओळीचे झाकण साधारण १९६४ पर्यंतचे, दोन ओळींचे त्यानंतरचे. नटच्या वर सळईचे बोळके झाकणारे जे घंटेच्या आकाराचे आवरण असते, त्याला अस्सल गिब्सनवर दोन स्क्रू असतात. तीन असतील तर आवरण तरी बदललेले आहे किंवा गिटारच नक्कल आहे, आणि मग बाकी सगळे पुन्हा संशयाने तपासावे लागते.

लॅकरबद्दल थोडे. १९२० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकी कारखान्यांत नायट्रोसेल्युलोज लॅकर रूढ झाले, त्याआधी स्पिरिटमध्ये विरघळणारे रोगण असे. नायट्रो लॅकर वर्षानुवर्षे आकसते, पिवळे पडते आणि त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरले तर जुने लॅकर फिकट हिरवट-पिवळे चमकते आणि नंतर मारलेला हात गडद डागासारखा उठून दिसतो. पुन्हा रंगवलेली गिटार वाईट नसते, पण तिच्या रंगावरून वय काढता येत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या हेडस्टॉकवर दुसरे नाव असेल, म्हणून त्यांच्यासाठीही सांगतो. मार्टिन असेल तर काम फार सोपे आहे. नेझरेथ, पेन्सिल्व्हेनिया इथल्या या कंपनीने १८९८ पासून एकच सरळ क्रममालिका चालवली. आकडा आतल्या ठोकळ्यावर असतो, आणि १९३० च्या उत्तरार्धापासून त्याच्या वर मॉडेलचे नावही असते. १९४० च्या अखेरचा आकडा ७६७३४ आणि १९५० च्या अखेरचा ११७९६१, त्यामुळे मधला कोणताही आकडा त्या दहा वर्षांत पडतो. १८९८ च्या आधीच्या मार्टिनवर मात्र आकडा नसतो, आणि कारखाना नेझरेथला जाऊन अर्धशतक उलटले तरी शिक्क्यात ‘न्यूयॉर्क’ असते, हे अनेकांना गोंधळात टाकते. तिथेही लाकूड-लोखंडाची साक्ष घ्यावीच: १९३४ च्या आधी फ्रेट सरळ पट्टीचे असत, नंतर इंग्रजी टी अक्षरासारख्या छेदाचे आले, आतल्या आधारपट्ट्या पोखरून हलक्या करण्याची रीत १९४४ च्या अखेरीस थांबली, रोझवुडच्या मॉडेलांची पाठ व बाजू ब्राझिली रोझवुडच्या असत, त्या १९६९ पासून भारतीय रोझवुडच्या, म्हणजे आपल्या शिसवीच्या होऊ लागल्या, आणि नेकमधली सळई बाहेरून पिळता येण्याची सोय १९८५ मध्ये आली. आकडा १९३८ चा आणि नेकमध्ये पिळता येणारी सळई, असे आढळले तर नेक बदलला आहे.

फेंडर ही इलेक्ट्रिक गिटार, तिचे नेक स्क्रूंनी बसवलेले. तिच्या मागच्या धातूच्या पट्टीवरचा आकडा फारसा विश्वासाचा नाही, कारण कारखान्यात त्या पट्ट्या खोक्यात पडलेल्या असत आणि हाताला येईल ती लावली जाई. तारा पूर्ण ढिल्या करून स्क्रू काढले की नेकच्या टाचेवर तारीख दिसते: १९६२ च्या वसंतापर्यंत पेन्सिलीने लिहिलेली, पुढे शिक्क्याने उमटवलेली. इथे बहुतेक सगळे एक चूक करतात. शिक्का असा असतो: आधी एक अंक, मग महिन्याची तीन अक्षरे, मग सालाचे दोन अंक आणि शेवटी एक अक्षर. ‘२ डिसेंबर ६३ बी’ असे दिसले की लोक डिसेंबरची २ तारीख वाचतात आणि वाढदिवस साजरा करायला निघतात. तो २ म्हणजे दिवस नव्हे, तो स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलचा क्रमांक आहे. आणि शेवटचे बी म्हणजे नटची नेहमीची रुंदी. महिना आणि साल तेवढे खरे, तेही नेकचे. गिटार त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जुळवलेली असू शकते. चिकटवलेल्या नेकच्या गिटारवर हा प्रयोग मुळीच करू नये. तिथे काढण्यासारखे काहीच नसते.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये आणखी एक साक्षीदार आवाजाच्या बटणाखाली बसलेला असतो. पोटेन्शिओमीटर, ज्याला आम्ही नुसते पॉट म्हणतो, त्याच्या पाठीवर किंवा कडेवर आकडा असतो. १३७६६२१ असा आकडा असेल तर १३७ हा सी.टी.एस. या निर्मात्याचा संकेत, ६६ हे साल आणि २१ हा त्या सालातला आठवडा; ३०४ असेल तर निर्माता स्टॅकपोल, १३४ असेल तर सेंट्रालॅब. १९५० च्या दशकात सालासाठी एकच अंक वापरत. पॉटची तारीख गिटारची ‘याच्या आधीची नाही’ एवढीच सीमा सांगते. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा एवढा मोठा साठा घेतला की तो पुढची काही वर्षे पुरला, त्यामुळे १९६६ च्या पॉटवरून १९६६ ची गिटार ठरत नाही. सोल्डरचा डाग काळवंडलेला आणि एकसारखा आहे की चकाकणारा आणि वेडावाकडा, हे आधी पाहावे. चकाकणारा असेल तर पॉट बदललेला आहे, आणि त्याची साक्ष संपली. डाग आकड्यावरच बसला असेल तर तो खरवडून वाचण्याचा मोह आवरावा, कारण न उघडलेला जुना डाग हाच मूळपणाचा पुरावा असतो.

गिब्सनच्या नंतरच्या गिटारींचा आकडा मात्र सरळ वाचता येतो. १९७७ पासून तो आठ अंकी झाला: पहिला आणि पाचवा अंक मिळून साल, मधले तीन वर्षातला दिवस, आणि शेवटचे तीन त्या दिवसाचा क्रम. ८२७६१५२३ म्हणजे १९८१ सालचा २७६ वा दिवस, अर्थात ३ ऑक्टोबर; आणि त्या वर्षांत शेवटचे तीन अंक ५०० च्या पुढे असले तर कारखाना नॅशव्हिलचा, खाली असले तर कलामाझूचा.

ज्यांच्या गिटारवर सिल्व्हरटोन किंवा एअरलाइन असे नाव आहे, त्यांनी त्या नावाची कंपनी शोधत बसू नये. ती अनुक्रमे सिअर्स आणि माँटगोमेरी वॉर्ड या टपालाने माल विकणाऱ्या दुकानांची नावे होती. गिटारी हार्मनी, के, डॅनइलेक्ट्रो, व्हॅल्को अशा कारखान्यांत बनत. शिकागोच्या हार्मनीने आत शाईचा शिक्का मारला असेल तर त्यात एच अक्षराच्या पुढचा आकडा मॉडेलचा असतो, उदाहरणार्थ एच१२६० म्हणजे सॉव्हरिन. वेगळ्या शिक्क्यात एक अक्षर आणि सालाचे दोन अंक सापडतात. या गिटारींना लोक उगीच हलके लेखतात. त्यांतल्या काहींचा पुढा एकसंध स्प्रूस लाकडाचा आहे आणि नीट बसवल्या तर त्यांचा आवाज त्यांच्या नावापेक्षा पुष्कळ मोठा असतो.

जपानी गिटारींपैकी आयबानेझवर १९७५ पासून अक्षर म्हणजे महिना आणि पुढचे दोन अंक म्हणजे साल अशी सोय आहे: एच७८ ने सुरू होणारा आकडा ऑगस्ट १९७८ चा. यामाहाच्या लेबलावर ‘निप्पॉन गक्की’ असे नाव असेल तर ती १९८७ च्या आधीची, कारण त्या साली कंपनीने नाव बदलले.

नावच नसलेल्या गिटारला काळाच्या बाहेरच्या खुणा वाचवतात. लेबलावरच्या अमेरिकी पत्त्यात पाच अंकी झिप कोड असेल तर ते १९६३ नंतरचे. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० मधले, ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९५२ पर्यंतचे. पेटंटचा क्रमांक असेल तर अमेरिकेत वीस लाखावा पेटंट १९३५ मध्ये आणि तीस लाखावा १९६१ मध्ये दिला गेला, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ कळते. अर्थात पेटंटही फसवतात. गिब्सनने आपल्या हंबकर पिकअपवर (तारांचा कंप विजेत बदलणाऱ्या भागावर) २७३७८४२ हा क्रमांक कित्येक वर्षे छापला. तो शोधला तर पिकअप सापडत नाही, लेस पॉल यांच्या टेलपीसचे (तारांची मागची टोके धरणाऱ्या भागाचे) पेटंट सापडते. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले, म्हणून ‘आजोबांची १९२० ची’ म्हणवणाऱ्या गिटारच्या खुंट्यांना तसे स्क्रू असतील तर निदान ते स्क्रू तरी नंतरचे आहेत.

आता घरच्यांची आठवण. ती खोटी ठरवण्याची घाई करू नका. आठवणीत बहुधा प्रसंग खरा असतो आणि साल सरकलेले असते. शिवाय मामांकडे १९५० च्या दशकात आणखी एखादी गिटार असेल आणि ती देऊन ही घेतली असेल, ही शक्यता अगदी रोजची आहे. जुनी छायाचित्रे काढून पाहा. हातात गिटार असलेले एकच स्वच्छ छायाचित्र, मागे तारीख लिहिलेले, हे दहा याद्यांपेक्षा मोलाचे आहे, कारण ‘या तारखेच्या नंतरची नाही’ हे ते ठामपणे सांगते. पुढ्याच्या लाकडातल्या उभ्या रेषा आणि एखादी गाठ जुळली तर ती हीच गिटार. केसच्या कप्प्यात पावती, तारांचे पाकीट, हप्त्याची चिठ्ठी, काहीही असू शकते. अस्तराखालीही हात घालून पाहावा, पण अस्तर उसवू नये.

दरम्यान गिटार पुसून चकचकीत करू नका. कोरड्या मऊ फडक्याने धूळ झाडणे पुरे. मेण, तेल, फर्निचरचे पॉलिश आणि पॉलिश पेपर यांपैकी काहीही तिच्या जवळ नेऊ नये. नव्या तारा चढवून ताणू नयेत. ब्रिज मागून उचलला गेला आहे का, हे कागदाची पातळ कड खाली सरकते का यावरून कळते, आणि सरकत असेल तर आहेत त्या ताराही ढिल्या कराव्यात. जुने भाग वेगळे निघाले असतील, तुटलेला पिकगार्ड (पुढ्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेला पत्रा), गंजलेला स्क्रू, काहीही असो, तर ते नाव लिहून पाकिटात ठेवावेत. मात्र आकसून आंबट वास येणारा जुना सेल्युलॉइड पिकगार्ड बंद केसमध्ये गिटारशेजारी ठेवू नये, त्याच्या वाफेने धातू गंजतो. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहील असे पाहावे. ती फार उतरली की पुढ्याला तडे जातात आणि फ्रेटची टोके बोटाला टोचू लागतात.

गिटार देशाबाहेर न्यायची किंवा मागवायची असेल तर पाठ कोणत्या लाकडाची आहे हे आधी जाणकाराकडून ठरवून घ्यावे. ब्राझिली रोझवुड १९९२ पासून सायटीस या, धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि कागदपत्रांशिवाय ते सीमेवर अडते. बाकीच्या रोझवुडच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे. गिब्सनच्या पुष्कळ मॉडेलांची पाठ महोगनीची असते आणि तिथे पाठीपुरता हा प्रश्न येत नाही, मात्र फिंगरबोर्ड आणि ब्रिज ब्राझिली रोझवुडचे असू शकतात.

आपण नटची रुंदी, हेडस्टॉकचा बाजूने घेतलेला फोटो, आकड्याचा तिरप्या प्रकाशातला फोटो आणि ब्रिजखालच्या पाटीचा आरशातला फोटो एवढे पाठवलेत तर दोन-तीन वर्षांच्या पट्ट्यात साल सांगता येईल, आणि याद्यांमधले १९६३ की १९६७ हा वाद बहुतेक रुंदी आणि कोन यांवरच मिटेल. जे ठरेल ते कारणांसह एका कागदावर लिहा, मोजमापे आणि तारीख घाला, आणि तो कागद केसच्या कप्प्यात ठेवा. गिटारच्या आत, जुन्या लेबलाच्या उजळ ठशावर, तो चिकटवू नका.